कोरियन-जपानी हलकं मॉइश्चरायझर मुंबईच्या हवेत कसं पारखावं

मुंबईत मॉइश्चरायझर घ्यायचं म्हटलं की पहिली हरकत घरातूनच येते: "एवढा घाम येतो, त्यावर आणखी क्रीम कशाला थापायचं?" हरकत अर्धी बरोबर आहे. जुलैत दादरच्या पुलावर हवेतच इतकं पाणी असतं की चेहऱ्यावरचा घामही धड सुकत नाही. पण त्याच दिवशी बीकेसीतल्या ऑफिसात आठ-नऊ तास एसीखाली बसलेल्या माणसाचे गाल दुपारपर्यंत ओढायला लागतात. नाक आणि कपाळ मात्र तेलकटच. एका दिवसात दोन हवामानं झेलणाऱ्या चेहऱ्याला जाड क्रीम सोसत नाही आणि काहीच न लावणंही परवडत नाही. कोरियन-जपानी जेल-क्रीम आणि इमल्शन इथे चालतात ती यामुळे. सोल आणि टोकियोचे उन्हाळेही दमटच, त्यामुळे पाणी जास्त आणि तेल कमी अशा बांधणीवर तिथल्या कंपन्यांचा हात बसलेला आहे.

तरी "कोरियन आहे म्हणजे चांगलंच असणार" हे काही खरं नाही. डबीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत जे लिहिलेलं असतं ते पुष्कळदा घटकांच्या यादीच्या शेपटाला सापडतं. चेहऱ्यावर दिवसभर जे जाणवतं ते ठरतं यादीतल्या पहिल्या सहा-सात नावांवर. म्हणून पारख मागच्या बाजूने सुरू करायची.

आधी स्टिकर, मग बाकीचं

परदेशातून आलेलं सौंदर्यप्रसाधन भारतात रीतसर विकायचं असेल तर त्याची केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे, म्हणजे सीडीएससीओकडे नोंदणी लागते. 'कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०' प्रमाणे त्या नोंदणीचा क्रमांक आणि आयातदाराचं नाव-पत्ता पाकिटावर असायला हवा. बहुतेक वेळा हा मजकूर वेगळ्या पांढऱ्या स्टिकरवर असतो आणि त्यातच एमआरपी, बॅच नंबर, वजन, मुदत असते. नाव कोरियन पण माल इथेच बनलेला असेल, तर आयात क्रमांकाऐवजी इथल्या उत्पादन परवान्याचा क्रमांक दिसेल. दोन्ही नसतील तर ती डबी कुणीतरी बॅगेतून आणलेली आहे किंवा नकली आहे. दुकानात उभं राहून यातलं नेमकं काय ते कळायला मार्ग नाही, तेव्हा ठेवून द्या. "ताई, ओरिजिनल आहे, बिल नाही मिळणार" हे वाक्य ऐकलंत की पुढचं काही वाचायचीही गरज नाही. पैसे देऊन बसला असाल आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

तारखेत लोक हमखास गोंधळतात. कोरियन पाकिटावर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम असतो. २०२७.०३.१५ म्हणजे १५ मार्च २०२७. पण ही तारीख बनवल्याची की संपण्याची, ते शेजारच्या कोरियन अक्षरांत असतं. फोनचा कॅमेरा त्यावर धरून भाषांतर करून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. जपानी डबीवर कधीकधी तारीखच नसते, कारण न उघडता तीन वर्षांहून जास्त टिकणाऱ्या प्रसाधनांवर मुदत छापण्याचं बंधन जपानमध्ये नाही. भारतीय स्टिकरवर मात्र ती हवीच. उघड्या डबीचं चित्र आणि त्यात "१२ एम" असं दिसलं, तर उघडल्यापासून बारा महिने.

यादी कशी वाचायची

या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या. नियम साधा आहे: ज्याचं प्रमाण जास्त ते आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र कंपनी हव्या त्या क्रमाने लिहू शकते. म्हणजे यादीत एक अदृश्य रेघ असते. रेघेच्या वर क्रमाला अर्थ आहे, खाली नाही. ती रेघ शोधता आली की निम्मं काम झालं.

समजा एका जेल-क्रीमवर असं छापलंय. यादी नेहमीच्या नमुन्यावरून मी बेतलेली आहे, कुठल्या ब्रँडची नाही. पाकिटावर नावं इंग्रजीत असतील, एवढाच फरक:

पाणी, ग्लिसरीन, ब्युटिलीन ग्लायकॉल, सेटिल एथिलहेक्झॅनोएट, डायमेथिकोन, १,२-हेक्झेनडायॉल, नायसिनामाइड, पँथेनॉल, कार्बोमर, ट्रोमेथामाइन, सेंटेला एशियाटिका अर्क, सोडियम हायल्युरोनेट, डायसोडियम ईडीटीए, अडेनोसिन, परफ्यूम.

पाणी पहिलं असणारच, हलकेपणा तिथूनच येतो. ग्लिसरीन आणि ब्युटिलीन ग्लायकॉल हे ओलावा धरून ठेवणारे. ग्लिसरीन स्वस्त म्हणून त्याला कुणी भाव देत नाही, पण मॉइश्चरायझरमधलं सर्वात भरवशाचं नाव तेच. प्रमाण फार वाढलं की दमट हवेत चिकचिकतं. दुसरं नाव ग्लिसरीन आणि पुढे तेलाचा मागमूस नाही, असं क्रीम ऑगस्टमध्ये लोकलच्या दारात उभं राहिल्यावर नकोसं होतं. ब्युटिलीन ग्लायकॉल पातळ असतं आणि ही चिकचिक थोडी कमी करतं.

सेटिल एथिलहेक्झॅनोएट हे कोरियन मालात पदोपदी भेटणारं हलकं एस्टर. तेलाचं काम करतं, पण तेलासारखं बसून राहत नाही. त्याच्या जागी स्क्वालेन किंवा कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड असलं तरी मुंबईला चालतं. डायमेथिकोन म्हणजे सिलिकॉन. "सिलिकॉनने रोमछिद्रं बुजतात" हे ठासून सांगितलं जातं, पण त्याला आधार नाही. ते त्वचेवर पातळ थर धरतं, ओलावा लवकर उडू देत नाही आणि स्पर्श रेशमी करतं. एसीत बसणाऱ्यांना याच थराचा उपयोग होतो. यादीत ग्लिसरीन, हायल्युरोनिक (म्हणजे वरच्या यादीतलं सोडियम हायल्युरोनेट) असे ओलावा धरणारेच असतील आणि तो झाकणारं काहीच नसेल, तर एसीच्या कोरड्या हवेत दोन तासांत चेहरा पुन्हा ओढतो.

उलट पहिल्या पाच नावांत शिया बटर, पेट्रोलॅटम किंवा मिनरल ऑइल दिसलं, तर पुढे "वॉटर जेल" लिहिलेलं असो वा "क्लाउड क्रीम", ते इथे जडच जाणार. ही नावं वाईट नाहीत. जानेवारीत पुण्याला किंवा नाशिकला निघालात तर तीच कामाला येतील.

आता ती रेघ. फिनॉक्सीएथॅनॉल हे परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) भारतात, कोरियात, युरोपात कमाल एक टक्काच वापरता येतं. यादीत ते दिसलं की त्यानंतरचं सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी. पण आजकालच्या कोरियन क्रीममध्ये पुष्कळदा ते नसतंच. त्याच्या जागी १,२-हेक्झेनडायॉल येतं आणि ते एक टक्क्याच्या वरही असू शकतं, त्यामुळे त्यावरून रेघ ठरत नाही. अशा वेळी कार्बोमर, झँथन गम किंवा डायसोडियम ईडीटीए शोधा. जेलला जेल करायला कार्बोमर अगदी थोडं पुरतं, सहसा अर्ध्या टक्क्याच्या आतच. म्हणजे आपल्या यादीत कार्बोमरनंतर आलेलं सेंटेला, ज्याचं हिरवं पान डबीवर एवढं मोठं छापलेलं असेल, ते एक टक्क्यापेक्षा जास्त नाही. नायसिनामाइड त्याच्या आधी आहे, म्हणजे बरं प्रमाण असण्याची शक्यता आहे, खात्री नाही.

खात्री करायला कोरियन मालाबाबतीत एक सोय आहे. तिथे "फंक्शनल कॉस्मेटिक" असा सरकारमान्य वर्ग आहे. डाग उजळण्यासाठीचा घटक म्हणून नायसिनामाइडचं मान्य प्रमाण २ ते ५ टक्के, आणि सुरकुत्यांसाठी अडेनोसिनचं ०.०४ टक्के. पाकिटावर उजळपणा आणि सुरकुत्या अशा दोन्हींसाठी फंक्शनल असल्याचं नोंदलेलं असेल आणि यादीत हेच दोन घटक असतील, तर नायसिनामाइड किमान दोन टक्के आहे असं धरायला हरकत नाही. अडेनोसिन शेवटून दुसरं दिसलं म्हणून नाक मुरडू नका, त्याचं प्रमाणच तेवढं असतं. हायल्युरोनिकचंही तेच. एक टक्का घातलं तर द्रावण घट्ट होऊन बसतं, त्यामुळे ते यादीत खालीच दिसणार.

जपानच्या "मेडिकेटेड" किंवा क्वासी-ड्रग, म्हणजे औषध आणि प्रसाधन यांच्या मधल्या, वर्गातल्या मालाला ही रेघेची युक्ती लागू होत नाही. तिथे क्रियाशील घटक आधी वेगळे लिहितात आणि बाकीचे उतरत्या क्रमाने लिहिण्याचं बंधन नसतं. आणखी एक, जपानी बाटलीवर "लोशन" लिहिलेलं असलं तर आत बहुधा पाण्यासारखा टोनर असतो. मॉइश्चरायझर हवं असेल तर "मिल्क", "इमल्शन" किंवा "जेल" बघा.

पुढच्या बाजूवरचे शब्द

"सिका" म्हणजे सेंटेला. काष्ठौषधींच्या दुकानांत मंडूकपर्णी म्हणून आणि कितीदा ब्राह्मी म्हणूनही मिळते तीच ही गोल पानांची, जमिनीवर पसरणारी वनस्पती. लालसर, चिडलेल्या त्वचेला ती निववते. नुसता "अर्क" लिहिला असेल तर त्यात पाणी किती नि वनस्पती किती, कळत नाही. "७० टक्के सेंटेला अर्क" या दाव्याचा जोर इथेच ओसरतो. मॅडेकॅसोसाइड, एशियाटिकोसाइड अशी नेमकी नावं असतील तर कंपनीने निदान काय घातलं ते सांगितलंय.

गोगलगाईचा स्राव ओलावा धरतो, त्वचा मऊ ठेवतो. त्यापलीकडचे चमत्कार मी मनावर घेत नाही. घरात कडक शाकाहार असेल तर मात्र यादी वाचून दाखवा: गोगलगाय, माशांपासूनचं कोलॅजन, मधमाशांचं मेण, प्रोपोलिस (मधमाशांचा डिंक), लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं) ही सगळी प्राणिज. प्रोपोलिस काहींना सोसतही नाही. सिरॅमाइड, म्हणजे त्वचेत मुळातच असणारं स्निग्ध द्रव्य, चांगलं, थोडंच असतं, यादीत खाली आलं तरी चालेल.

आंबवलेल्या घटकांबद्दल मुंबईपुरती एक सूचना. कपाळावर, केसांच्या कडेला सारख्या आकाराचे, खाजरे बारीक पुळ्यांचे थवे पावसाळ्यात येत असतील, तर ते नेहमीचे मुरुम नसून मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचा त्रास असू शकतो. हे यीस्ट स्निग्धाम्लांवर जगतं, घाम आणि दमटपणात फोफावतं. अशांनी गॅलॅक्टोमायसिससारखी आंबवणं आणि एस्टर-तेलांची लांबलचक यादी असलेलं क्रीम टाळून पाहावं. आणि आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं, कारण मुरुमांचं औषध यावर चालत नाही.

"नॉन-कॉमेडोजेनिक", म्हणजे रोमछिद्रं न बुजवणारं, या शब्दामागे कायद्याने ठरवलेली व्याख्या नाही. कुठला घटक छिद्रं किती बुजवतो ते सांगणारे, इंटरनेटवर फिरणारे शून्य ते पाच आकडे पुष्कळसे सशाच्या कानावर सुटे घटक लावून काढलेल्या जुन्या चाचण्यांचे आहेत. क्रीममध्ये दोन टक्के घातलेला घटक आणि सुटा, जास्त प्रमाणात लावलेला घटक यांत फरक असतो, त्यामुळे या आकड्यांवरून पूर्ण क्रीमचा निकाल लावू नये.

"टोन-अप" लिहिलेलं क्रीम मॉइश्चरायझर समजून घेऊ नका. त्यात बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, लावल्याक्षणी गोरेपणा दिसतो आणि आपल्या गहूवर्णी किंवा सावळ्या चेहऱ्यावर घाम आला की राखाडी ओघळ. यादीच नसलेलं, आठवड्यात उजळ करणारं क्रीम तर घरातच आणू नये. अशा मालात पारा सापडण्याची भीती असते, आणि अशा क्रीममध्ये पारा वापरायला भारतात बंदी आहे.

सुगंध आणि अल्कोहोल यांकडेही बघा. परफ्यूम, लिनालूल, लिमोनीन, बर्गामॉट तेल ही नावं संवेदनशील त्वचेला नकोत. अल्कोहोल दोन जातींचं असतं. सेटिल, स्टिअरिल, सेटिअरिल अल्कोहोल हे मेणासारखे, निरुपद्रवी. "अल्कोहोल डिनॅट" किंवा एथॅनॉल दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असेल तर लावताक्षणी गारवा वाटेल, क्रीम झटकन मुरेल, आणि कोरड्या त्वचेला महिनाभरात त्याचा त्रास होऊ शकतो. तेलकट त्वचेच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला कदाचित तेच आवडेल. मेन्थॉलचा थंडावा म्हणजे ओलावा नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

हातावर, मग जबड्यापाशी

दुकानात टेस्टर असेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला वाटाण्याच्या निम्म्याएवढं लावा आणि दहा मिनिटं दुकानाबाहेर उभे राहा. एसीत सगळीच क्रीमं छान मुरतात. बाहेर टिश्यू दाबून बघा: तेलाचा डाग आला का, की नुसता ओलसरपणा? काही जेल बोटाखाली पाणी-पाणी होतात आणि विक्रेता त्याचं कौतुक करतो. त्यात जादू नाही. कार्बोमरची जाळी मिठाने मोडते, आणि त्वचेवर मीठ असतंच. घामेजल्या चेहऱ्यावर ती जास्तच मोडते, म्हणून असलं जेल स्टेशनवरून चालत आल्या आल्या लावू नये. तोंड धुऊन, टिपून, मग लावावं.

घरी आणल्यावर थेट चेहऱ्यावर नको. कोपराच्या आतल्या घडीजवळ रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा लावा. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना यासाठी सात ते दहा दिवस सांगते. इतका धीर कुणाला नसतो हे मान्य, पण दोन दिवसांत दिसणारी प्रतिक्रिया आणि आठवड्याने येणारी अॅलर्जी वेगळ्या असतात. हात शांत राहिला तर एका बाजूच्या जबड्याखाली तीन-चार दिवस. या काळात नवा फेसवॉश, नवं सीरम काही सुरू करू नका, नाहीतर दोष कुणाचा ते ठरवता येणार नाही.

फेसवॉशवरून आठवलं: लावल्यावरही चेहरा ओढत असेल तर क्रीमआधी त्याच्यावर संशय घ्या. उपनगरांत टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यावर दिवस काढणाऱ्या सोसायट्यांत हे फार होतं.

खरी परीक्षा सोमवार ते शुक्रवार

सुट्टीच्या दिवशी घरात पंख्याखाली केलेली चाचणी काही सांगत नाही. कामाचा आठवडा घ्या. सकाळी तोंड धुतल्यावर त्वचा किंचित ओली असतानाच क्रीम लावा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, जेल-क्रीमला चेहऱ्यापुरती तेवढी पुरते. पाच-सात मिनिटं जाऊ द्या. मग सनस्क्रीन.

इथेच पुष्कळ चांगली क्रीमं नापास होतात. माझी भाची ठाण्याहून निघते आणि सनस्क्रीन गाडीत बसल्यावर लावते. एकदा तिच्या जबड्यावरून खोडरबराच्या चुऱ्यासारखे पांढरे कण सुटायला लागले आणि काळ्या कुर्त्यावर पडले. "मावशी, कोंडा आहे का हा?" कोंडा नव्हता. खालच्या जेलमधलं घट्ट करणारं पॉलिमर पुरतं सुकलं नव्हतं, वरच्या सनस्क्रीनमध्ये सिलिकॉन आणि पावडर, आणि ती दोन्ही घासून एकत्र करत होती. उपाय तीन: क्रीम कमी घ्या, वेळ द्या, सनस्क्रीन चोळू नका, थोपटा. तरीही कण सुटले तर ती जोडी जमणारी नाही. दोघांतलं एक बदला. मी सनस्क्रीन ठेवून क्रीम बदलीन.

दुपारी दोनला, जेवणानंतर, ऑफिसच्या आरशात तीन गोष्टी बघा. गाल ओढतायत का? नाकावर सकाळपेक्षा जास्त तेल आहे का? डोळ्यांत चुणचुण होते का? तिसरीकडे लोक दुर्लक्ष करतात. घामासोबत क्रीम डोळ्यांत उतरतं आणि सुगंधी असेल तर झोंबतं. संध्याकाळी परतताना गर्दीच्या गाडीत मानेवर, जबड्याखाली चिकट थर जाणवला तर तेही लिहून ठेवा. गाल ओढतात पण चिकचिक नाही, अशा वेळी लगेच जाड क्रीमकडे वळू नका. आहे तेच गालांवर दुसऱ्यांदा पातळ लावून बघा, कपाळ-नाक सोडून.

पावसाळ्यात पास झालेलं क्रीम जानेवारीत कमी पडू शकतं. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात घेतलेलं मेपर्यंत चालतं, असा माझा अनुभव आहे, अधले थंडीचे पाच-सहा आठवडे सोडून.

पैसे आणि डबी

किंमत नेहमी मिलीमध्ये काढा. ९०० रुपयांना ३० मिली म्हणजे मिलीला ३० रुपये, १,५०० रुपयांना ७५ मिली म्हणजे २०. सकाळ-संध्याकाळ मिळून रोज एक मिली धरलं तर पहिली महिनाभर पुरते, दुसरी अडीच महिने. तरी पहिल्यांदा लहानच घ्या, मिलीला महाग पडली तरी. ग्लिसरीन, स्क्वालेन, नायसिनामाइड आणि सुगंध नाही, असं भारतीय जेल-क्रीम निम्म्या भावात मिळत असेल, तर कोरियन नावाचे जादा पैसे कशासाठी द्यायचे याचं उत्तर आधी स्वतःकडून घ्या. कधीकधी उत्तर असतं: पोत. ते खरंच सरस असतं आणि त्यासाठी पैसे मोजणं मला गैर वाटत नाही.

ट्यूब किंवा पंप मिळत असेल तर उघडी डबी घेऊ नका. डबीच असेल तर कोरड्या चमच्याने काढा आणि बाथरूममधल्या कपाटात ठेवू नका, तिथला दमटपणा आणि ओली बोटं दोन्ही तिला मारक. मेमध्ये कुरिअरच्या टेम्पोतून तापून आलेल्या पार्सलमधलं जेल पाणी सुटलेलं दिसलं, तर ढवळून वापरू नका, फोटो काढून परत करा.

चेहऱ्याला जड पडलं एवढाच दोष असेल तर ते क्रीम कोपरांना, गुडघ्यांना, टाचांना चालतं. पण लाली, सूज, खाज किंवा पुळ्या आल्या असतील तर अंगावर दुसरीकडेही लावू नका, बंद करा. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरांकडे जाताना डबी, आणि जपून ठेवलं असेल तर खोकंही, सोबत न्या. यादी त्यावरच असते.